बहिणीच्या डोक्यावर हात

बेल्लमपल्ली
१० नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
भागीचा नमस्कार.

फोन असताना पत्र काऊन, असं तुमाले वाटन. फोनवर तुमाले ऐकू कमी येते, मंग तुमी मोठ्यानं बोलता, आन् मी सांगतलेलं साऱ्या दुकानाले समजते. हे तसं सांगायचं नाई. गिऱ्हाईक नसताना वाचा. आई आन् रंजीताताईले सध्या दाखवू नका.

बाबा, मी वर्षभरापासून इथल्या चर्चमध्ये जाऊन राह्यली. नाताळाच्या आधी बाप्तिस्मा घ्यायचा ठरवला आहे.

लिहिलं एकदाचं. अक्षर खराब आलं तर समजून घ्या.

मले कोणी फूस लावली नाई. चमत्कार बी काई झाला नाई. मागच्या वर्षी पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात एक बाई आणली होती, माया वयाची. कपाशीवर फवारायचं औषध पिली होती. शुद्धीवर होती ती. माया हात धरे आन् एकच इचारे, "सिस्टर, आता मायं काय होईन? देव मले जवळ घेईन का?" मी म्हणली, तू बरी होशीन. ते खोटं होतं आन् तिले बी ते माहीत होतं. तिच्या खऱ्या प्रश्नाले मायापाशी काईच उत्तर नव्हतं. ती गेली.

ड्यूटी सुटल्यावर मी रडायले जागा पाह्यत होती. होस्टेलात साऱ्या पोरी. खाणीच्या क्वार्टरांमागं चर्चचं दार उघडं दिसलं म्हून आत जाऊन बसली. एक म्हातारी झाडून राह्यली होती. झाडत झाडत माया बाकापाशी आली, तेलुगूत म्हणली, "पाय वर घे," आन् पुढं गेली. मी दुसऱ्या दिवशी परत गेली. मंग जातच राह्यली.

तिथं ज्याचं नाव घेतात तो मरायच्या आधी स्वतः भ्यायला होता, बाबा. घाम फुटला होता तेले. मले तो तिथं आपला वाटला. भ्यायलेल्या माणसाजवळ बसता येते. मायं भेव काई गेलं नाई. सध्या तर तुमचंच भेव वाटते. पण तुमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं त्यापेक्षा मीच सांगतलेलं बरं.

तुमची
भागी


॥ श्री ॥
वांकिडी
१७ नोव्हेंबर २०२४

चि. भागीस आशीर्वाद.

तुह्या पत्रावर माथ्यावर 'श्री' नव्हतं. मले वाटलं घाईत राह्यलं असन.

मी रागावलो नाई. राग आला असता तर बरं झालं असतं, चार शब्द बोलून मोकळा झालो असतो. मले भेव लागलं. दुकानात येणारा प्रत्येक माणूस आता मले माहीतगार वाटते.

तुले ठाऊक आहे, रंजीताचं दोन जागी जमलं आन् मोडलं. आता नार्नूरचं स्थळ आलं आहे. पोरगा अमर, शाळेत मास्तर, सरळ आहे. पण तेचे वडील केशवराव कडक माणूस. समाजात तेंचा शब्द चालते. जानेवारीत साक्षगंध धरलं आहे. तुहं हे तेंच्या कानावर गेलं तर तिसऱ्यांदा मोडन, आन् मंग तिचं होणार नाई.

आन् तेवढंच नाई. इकडं एका खेड्यात एका घरानं असंच केलं होतं. चक्कीवाल्यानं तेंचं दळण घेणं बंद केलं. दूध कोणी घेईना. घरची म्हातारी गेली तर खांदा द्यायले माणसं जमेनात. मले दुकान चालवायचं आहे. गुरुवारच्या भजनात पेटी मी वाजवतो. तुह्या आईले याच गल्लीत राह्यायचं आहे.

म्हून बाप म्हून सांगतो. लग्न होईपर्यंत थांब. साक्षगंधाले ये. कोणी इचारलंच तर एकच शब्द बोल: नाई. मंग पुढं तुहं तू पाह्य.

हे पत्र वाचून जाळ. तुहं मी जाळलं.

तुझे बाबा


बेल्लमपल्ली
२५ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस नमस्कार.

थांबते. पास्टरले सांगतलं, ते म्हणाले, ज्या तलावात बाप्तिस्मा देतो तेचं पाणी उन्हाळ्यापर्यंत आटत नाई, घाई नको.

साक्षगंधाले येते. पण बाबा, तो एक शब्द मले सांगू नका. मी रांधणीतच राहीन, कोणाच्या समोर येणार नाई, म्हणजे कोणी इचारणारच नाई. ताईसाठी काई बी करीन, फक्त तेवढं तोंडातून काढायचं भेव वाटते.

भागी


बेल्लमपल्ली
२२ जानेवारी २०२५

ती. बाबांस नमस्कार.

तुमी एकच शब्द म्हणाले होते. मी तो तीनदा बोलली.

पहिल्यांदा रांधणीतच. तुमाले हे माहीत नसन. अमरभाऊची आत्या राहीबाई पुऱ्या लाटता लाटता म्हणली, "काऊन वो पोरी, आमच्या पाव्हण्याइनं तुले बेल्लमपल्लीत किरिस्तावाइच्या देवळातून निंगताना पाह्यलं म्हणे?" मी म्हणली, "नाई, दुसरी कोणी असन." मले वाटलं सुटली.

मंग केशवरावनं मांडवात बोलावून घेतलं आन् साऱ्याइसमोर तेच इचारलं. मी म्हणली, "नाई, दवाखान्यातल्या पोरीइसंगं कवा दारापर्यंत गेली असन." ते हसले. "मंग काई हरकत नाई. बहिणीच्या डोक्यावर हात ठेव आन् सांग. म्हणजे लोकाइचं तोंड बंद होईन."

ताई पाटावर बसली होती. मी तुमच्याकडं पाह्यलं. तुमी खांबापाशी उभे होते आन् जमिनीकडं पाह्यत होते. मी हात ठेवला. तिचे केस उन्हानं तापले होते. "नाई," म्हणली. सारे एकदम मोकळं बोलायले लागले, पेढे वाटले. मी बी पेढा खाल्ला.

तेव्हापासून मले झोप नाई. लहानपणापासून आईनं सांगतलं, डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं का त्या माणसाचं वाईट होते. मी म्हणते मले आता ते खरं वाटत नाई, आन् तरी रोज ताईले फोन करून इचारते, बरी आहेस ना. दुसरीकडं ज्याच्याजवळ जाऊन बसत होती तेलेच ओळखत नाई म्हणून आली. चर्चकडं पाय वळत नाई. प्रार्थनेले बसली का हाताले ते तापलेले केस लागतात.

तुमाले दोष देत नाई. पण तुमी एकदा वर पाह्यलं असतं तर बरं झालं असतं.

भागी


॥ श्री ॥
वांकिडी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. भागीस आशीर्वाद.

तुह्या जानेवारीच्या पत्राले मी उत्तर देलं नाई. आन् मंग रंजीताले ताप आला. तू धावत आली, तिच्या खाटेपाशी बसली, तिचं सारं केलं, पण तुह्यासमोर मले काई बोलता आलं नाई. आता तू परत गेली, ती भाकर खाऊन राह्यली, म्हून लिहितो.

डॉक्टर म्हणत होते डेंगू आहे, गावात बऱ्याच जणाइले आहे. तुही आई म्हणत होती नजर लागली. मले दिसत होता तो मांडव आन् तिच्या डोक्यावरचा तुहा हात. ज्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आलं, त्या दिवशी मी दवाखान्याच्या मागं जाऊन आपल्या देवाले हात जोडले, आन् मंग, तुले सांगतो, तुह्या देवाले बी जोडले. म्हणलो, पोरीनं हात ठेवला पण ठेवायले मी लावला. काई घ्यायचं तर मायं घे.

ताप उतरल्यावर रंजीताच म्हणली, "बाबा, भागीनं मले दवाखान्यात सारं सांगतलं. रडत होती वेड्यासारखी. मायं डोकं एवढं कच्चं आहे का, कोणी हात ठेवला का फुटन? मच्छर चावला मले. पण खोट्यावर मले त्या घरात जायचं नाई. तुमी सांगता का मी सांगू?"

ती हसत होती, पण मले हसू आलं नाई. पोरीनं तोंड उघडलं आन् मोडलं तर लोक तिलेच नावं ठेवतीन. म्हून उद्या पहाटेच्या बसनं मी नार्नूरले जातो. तू अडवशीन म्हून हे असं पाठवतो का तुले भेटन तेव्हा मी जाऊन आलेला असन.

तुझे बाबा


बेल्लमपल्ली
२६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस नमस्कार.

तुमचं पत्र आज भेटलं. तारीख पाह्यली. घरी फोन लावला, आई म्हणली, "गेले सोमवारी पहाटेच, कुठं ते नाई सांगतलं. आल्यापासून बोलत नाईत." ताई म्हणली, "बाबाइलेच इचार." तुमी फोनवर आले नाई.

काय झालं बाबा? मोडलं का? तेंनी तुमाले काई केलं का? हे काऊन केलं? जे खोटं मी ताईसाठी बोलली ते तरी उपयोगाले येऊ द्यायचं होतं. बाहेर मोटारसायकल थांबली तरी मले वाटते कोणी नार्नूरहून आलं.

लवकर लिहा. वाईट असलं तरी लिहा.

भागी


॥ श्री ॥
वांकिडी
२ मार्च २०२५

चि. भागीस आशीर्वाद.

मोडलं नाई. आधी तेवढं वाच आन् श्वास घे.

केशवराव ओसरीत होते. पाणी आणलं, मी पेलो नाई. म्हणलो, आधी सांगतो, मंग द्यायचं तर द्या. "साक्षगंधाच्या दिवशी माई लहानी पोरगी खोटं बोलली. मीच तिले तसं शिकवून ठेवलं होतं."

"म्हणजे ते खरं आहे?"

"खरं आहे."

"बाप्तिस्मा झाला?"

"व्हायचा आहे."

"आन् तुमचा कवा आहे?"

"माया नाई. मी भजनात पेटी वाजवतो, तेच करीन."

केशवराव उठले आन् दार लावून आले. म्हणले, "जरा हळू बोला सुधाकरराव, गल्ली ऐकून राह्यली." मले समजलंच नव्हतं मी ओरडून बोलत होतो.

ते परत येऊन बसले. मंग म्हणले, "आता मोडलं तर आमचं बी नाव जाते. लग्न होईन. पण ती पोरगी मांडवात दिसली नाई पायजे. आमच्या दारात बी नाई."

अमर दारात येऊन म्हणला, "बापू, ती तिची बहीण आहे." केशवराव म्हणले, "तू आत जा." अमर खाली मान घालून आत गेला.

आन् मी काय केलं? मी म्हणलो, "बरं." मंग ते पाणी पेलो.

खरं बोलायले एवढ्या लांब गेलो आन् 'बरं' म्हणून परत आलो. म्हून फोनवर आलो नाई. आता तू काय ते ठरव.

तुझे बाबा


बेल्लमपल्ली
९ मार्च २०२५

ती. बाबांस नमस्कार.

मी लग्नाले येत नाई. त्या दिवशी ड्यूटी मागून घेतली. तुमी 'बरं' म्हणले म्हून मनाले लावून घेऊ नका. मांडवात मी काय म्हणली होती ते मले आठवते.

तुमचं पत्र वाचून मी चर्चमध्ये गेली. साक्षगंधानंतर पहिल्यांदा. त्या म्हातारीले सारं सांगतलं, मी कशी तीनदा नाई म्हणली ते. वाटलं ती म्हणन, आता काऊन आली. ती ऐकत होती, मंग म्हणली, "एवढे दिवस कुठं होती? तुह्या जागेवर मी कोणाले बसू देलं नाई." बाबा, मी तिथंच बसली आन् पोटभर रडली. जे मागायचं होतं ते त्या रडण्यातच मागितलं. उठली तेव्हा हाताले ते केस लागत नव्हते.

बाप्तिस्मा ११ मेले ठेवला आहे, गावाबाहेरच्या तलावात, सकाळी. तुमाले बोलवत नाई, फक्त सांगते. पाण्याखाली सारं डोकं गेलं पायजे म्हणतात. मले पोहता येत नाई. पास्टर धरतात, तरी त्याचं बी भेव आहेच.

ताईचे मेंदीनं भरलेले हात मले पाह्यायचे आहेत. फोटो पाठवायले सांगा.

भागी


॥ श्री ॥
वांकिडी
३० एप्रिल २०२५

चि. भागीस आशीर्वाद.

लग्न पार पडलं. फोटो तुले रंजीतानं पाठवलेच असतीन. पण एक गोष्ट फोटोत दिसणार नाई.

मंगलाष्टकाच्या आधी भटजी म्हणले, करवली कुठं आहे, करवलीले मागं उभी करा. तुह्या मावशीनं तिची पोरगी पुढं केली. रंजीता अंतरपाटामागून म्हणली, "नको. करवलीची जागा रिकामी राहू द्या." राहीबाई म्हणली, असं अशुभ दिसते. रंजीता म्हणली, "दिसू द्या." मी केशवरावकडं पाह्यलं, मले वाटलं आता उठतात. ते अक्षता मुठीत धरून बसून राह्यले. अमर म्हणला, "भटजी, चालू करा." आन् चालू झालं. साऱ्या लग्नभर तिच्या मागं तेवढी जागा मोकळी होती. लोक तिकडंच पाह्यत होते. तुही आई पदर तोंडाले लावून रडत होती. तिले मी सारं सांगतलं होतं आदल्या दिवशी.

मी तेव्हा बी काई बोललो नाई.

आता गावाले समजलंच आहे. गुरुवारी भजनाले गेलो तर पेटी टाळवाल्या उद्धवरावपुढं ठेवलेली. कोणी मले काई म्हणलं नाई, जागा मात्र करून देली मागं. मी टाळ घेतला. घरी येताना वाटत होतं मागून कोणी हाक मारन. कोणी मारली नाई. ते जास्त वाईट होतं.

दुकानात सकाळचे गिऱ्हाईक कमी झाले आहेत. शेजारचा चंपत तेवढा रोज येते, बिडीबंडल घेते आन् मुद्दाम बराच वेळ बसते.

११ तारखेले सांभाळून.

तुझे बाबा


बेल्लमपल्ली
१२ मे २०२५

ती. बाबांस नमस्कार.

काल झालं.

तलावात पाणी कंबरेच्या वर होतं. पास्टरनं इचारलं तेव्हा मी हो म्हणली, आन् या वेळी मायाच कानाले तो हो मोठा वाटला. मंग मागं पाण्यात गेली. खाली चिखलात पाय घसरला, पास्टरच्या हातातून मी निसटली. नाकातोंडात पाणी गेलं. काई दिसत नव्हतं, वर कुठं आन् खाली कुठं समजत नव्हतं. मले वाटलं संपलं. आन् बाबा, तिथं मले ती बाई आठवली, औषध पिलेली. तिचा प्रश्न आठवला. उत्तर शब्दात नाई सांगता येत, पण मले वाटलं, तिले घेतलं असन. नक्की घेतलं असन. मंग कोणाचा तरी हात लागला आन् मी वर आली.

साऱ्या बायाइनं चादर टाकली, गाणं म्हणत मले झाडाखाली नेलं. मले कोणी धड दिसतच नव्हतं.

संध्याकाळी पास्टर म्हणले, कोणी एक म्हातारा माणूस, धोतर नेसलेला, तलावात उतरला होता. बोलला दोन शब्द आन् नाव न सांगता निंगून गेला. म्हणले, तुह्या ओळखीचा होता का?

बाबा, तुमी आले होते का?

भागी


॥ श्री ॥
वांकिडी
१८ मे २०२५

चि. भागीस आशीर्वाद.

हो, मीच होतो.

दुकान बंद ठेवून पहाटेच निंगलो. आईले म्हणलो कागजनगरले माल पाह्यायले जातो. तलावाच्या कट्ट्यावर एका निंबाखाली उभा राह्यलो, तोंडाले रुमाल बांधून. मले जवळ यायचं नव्हतं. पाह्यायचं आन् परत जायचं, एवढंच ठरवून आलो होतो.

त्या माणसानं तुले मागं पाण्यात घातलं. मले वाटलं आता वर येते. तू आली नाई. बाया गाणं म्हणतच होत्या, कोणाले काई वाटून नाई राह्यलं. माया जीव उडाला. कट्टा कसा उतरलो, आठवत नाई. पाणी मांडीले लागलं तेव्हा समजलं का मी तलावात आहे आन् तुहं नाव घेऊन ओरडून राह्यलो. गाण्यात कोणाले ऐकू गेलं नाई. तेवढ्यात तू वर आली, खोकलत, केस तोंडावर, आन् हसली.

मी तिथंच उभा. तुले बायाइनं नेलं. पास्टर मायाजवळ आला. मराठी येत नाई तेले. हिंदीत म्हणला, "बाबाजी, आप भी लेंगे?"

मी म्हणलो, "नहीं. मैं लड़की को लेने आया था."

तो हसला नाई. म्हणला, "वो आ गई."

खरंच आली होती तू. मंग मायं तिथं काई काम राह्यलं नव्हतं. लोक पाह्यत होते, मले लाज बी वाटली, गाडी धरली.

घरी आलो तर धोतराले चिखल. आईनं धरलं. खोटं बोलायचा कंटाळा आला होता, सांगून टाकलं. मले वाटलं रडन, नाई तर भांडन. तिनं ते धोतर बादलीत भिजत घातलं. मंग एवढंच म्हणली, "एकटे काऊन गेले?"

भागी, भेव गेलं नाई. दुकानाच्या दारात सावली पडली तरी मी दचकतो. पण सुटी भेटली का ये. तू येशीन तेव्हा रंजीता बी येणार आहे, अमर घेऊन येतो म्हणला, केशवरावले सांगून का न सांगता ते मी इचारलं नाई. बसमधून उतरली का मागच्या गल्लीनं येऊ नको. बाजारातून ये, दुकानासमोरून. मी बाहेर बाकावर बसलेला असन.

तुझे बाबा